पन्हाळ्याचा 'पॅनहाला'

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. आपला पन्हाळा त्यांतलाच एक. तेव्हापासून इंग्रजी वाहिन्यांवर नि भटक्यांच्या व्हिडिओंत एक भलताच किल्ला कानावर येतो: 'पॅनहाला'. त्याआधी जूनमध्ये मिलानला प्राडानं आपल्या कोल्हापुरी चपला मिरवल्या, तेव्हा 'कोलापुरी' ऐकून घेतलंच होतं.

इंग्रजी बोलणाऱ्यावर मी रागावत नाही. त्याच्या भाषेत ह स्वराच्या आधी सुटा येतो: हॅट, होम, हाउस. शब्दाच्या पोटात शिरला की बऱ्याचदा त्याचा दम संपतो. बर्मिंगहॅमचं तो बर्मिंगम करतो, डरहॅमचं डरम, ग्रॅहमचं ग्रेअम. आपल्या ल्ह आणि न्ह यांची गोष्टच वेगळी. तिथं ल संपल्यावर ह येत नाही. जीभ ल च्या जागी टेकलेली असतानाच श्वास सुटतो, दोन्ही एका झटक्यात. हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मग तो 'कोल-हापूर' असे दोन तुकडे तरी करतो, नाहीतर ह गिळून टाकतो. जुन्या इंग्रजी कागदांत 'कोलापोर' सापडतं ते असंच. पण ज्यानं कान दिला त्याला ह ऐकू आला. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली युरोपातून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली. ती सिद्ध केली कॅप्टन वेस्टनं, आणि तिच्या नावात कोल्हापूरचा एच शाबूत आहे.

ळ चं दुखणं याहून मोठं. इंग्रजीत तो आवाजच नाही आणि रोमन लिपीत ल, ळ दोघांना मिळून एकच एल. तिथं 'काल आला' नि 'काळ आला' यांत फरक उरत नाही. तमिळ आणि मल्याळी माणसांनी आपल्या खास आवाजासाठी झेड-एच अशी जोडी रूढ केली. ती बघून परका निदान अडखळतो, चार जणांना विचारतो. (आपली वर्तमानपत्रं मात्र तमिळ नेत्या कनिमोळींचं नाव कुणाला न विचारता 'कनिमोझी' छापून मोकळी होतात.) आपल्या एलपाशी कुणी अडखळत नाही. जो तो बिनदिक्कत चुकीचं वाचून पुढं जातो.

माझा राग आहे तो घरच्यांवर. रंकाळा तलावाच्या काठावर भेळ खात 'रंकाला' म्हणणारी पोरं कोल्हापूरचीच असतात. त्यांनी ते नाव आजीकडून ऐकण्याआधी फोनच्या नकाशात वाचलेलं असतं. वर म्हणतात, स्पेलिंग तसंच आहे ना! मग वेन्सडेच्या स्पेलिंगमधला डी का गाळता? लेस्टरच्या स्पेलिंगमधली तीन अक्षरं का गिळता? अमेरिकेला निघालेला पोरगा 'वॉटर'मधला टी तिकडच्यासारखा मऊ व्हावा म्हणून आरशासमोर घासतो. मेहनत घ्यायची तयारी आहे आणि जीभही वळते. फक्त आपल्या गावासाठी ती वळवावी असं त्याला कुणी सांगितलं नाही. शाळेनं नाही, आई-बापांनीही नाही. उलट पाव्हण्यांसमोर पोरगं 'पॅनहाला' म्हणालं की घरात कौतुक होतं. हे कौतुक थांबवा.

आता गडावर जगभरचे पाहुणे येणार, नव्या पाट्या लागणार, कानाला लावून ऐकायची माहिती तयार होणार. पाटीवर देवनागरी नाव वर आणि मोठं हवं. ध्वनिफितीसाठी मुंबईचा निवेदक आणू नका. स्टँडवरचा वडापवाला गाठा. "पन्हाळ्याला जायचं म्हणता व्हय पाव्हणं?" एवढ्या एका वाक्यात तो न्ह, ळ, म्ह, व्ह सगळे ठणठणीत म्हणून दाखवतो. त्याला मानधन द्या आणि त्याचाच आवाज सगळ्यात आधी ऐकवा.