टक्कल व्हायरस यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय टक्कल व्हायरस,
मुक्काम पोस्ट मोबाइल, तालुका शेगाव, जिल्हा बुलढाणा.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपण कधी जन्मालाच आला नाहीत, ही किरकोळ गोष्ट आड येऊ न देता हे पत्र लिहीत आहे. डिसेंबर २०२४ सरता सरता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटली, मग केस हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टाळू उघडी पडली. जानेवारीत आपले बारसे झाले. पाळणा वृत्तवाहिन्यांनी हलवला आणि घुगऱ्या व्हॉट्सॲपने वाटल्या. कुठल्याही प्रयोगशाळेत आपले दर्शन कोणाला झाले नव्हते, पण ‘व्हायरस’ म्हटले की माणूस दोन पावले मागे सरतो, हे करोनाने आम्हाला शिकवून ठेवले होतेच. त्या गावांकडे पाहुण्यांनी पाठ फिरवली, ठरत आलेल्या सोयरिकी मोडल्या, कॉलेजातली मुले-मुली तोंड लपवून घरी बसली. केस पुढे बऱ्याच जणांचे परत आले. सोयरिकी तशा उगवत नाहीत.

आपल्या यशाचे श्रेय मात्र सगळेच आपले नाही, आणि माझी तक्रार आहे ती तिथेच. सुरुवातीला बोट पाण्याकडे गेले. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. इथल्या पाण्याला दोष देणे सोपे आणि बरेचदा रास्तही. नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. पण तेच पाणी पिढ्यान्‌पिढ्या पिणाऱ्यांचे केस याच हिवाळ्यात का गळावेत, याला उत्तर नव्हते. मग बुरशीचे नाव निघाले, शॅम्पूची चौकशी झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेऊन गेले. आणि पुढे शांतता. फेब्रुवारीच्या अखेरीस आकडे बाहेर आले ते सरकारी पथकाकडून नव्हेत, तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडून. विंचूदंशावरच्या कामासाठी महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, तेच हे डॉक्टर. १८ गावांतल्या २७९ रुग्णांचा माग काढत ते कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या गव्हापर्यंत पोहोचले. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात, अतिरेक झाला तर केस गळवणारे सेलेनियम किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघाले. सर्वसाधारण प्रमाणाची वरची मर्यादा १.९ मानतात. गहू धुतल्यानेही त्यात फारसा फरक पडला नाही. त्यांचेच म्हणणे अखेरचे मानावे असा माझा आग्रह नाही. पण त्याला दुजोरा द्यायला किंवा ते खोडायला जो कागद हवा, तो एप्रिलमध्ये काही जणांची नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हाही लोकांपुढे नव्हता. केंद्रीय आरोग्य खात्याचे राज्यमंत्री याच बुलढाण्याचे खासदार आहेत, म्हणजे कागदाला फार लांबचा प्रवास करायचा होता असेही नाही.

आपला मुक्काम लांबला तो या रिकाम्या जागेत. याच जिल्ह्यातला दुसरा दाखला पाहा. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. तर्कांना ऊत यायला आणखी काय हवे होते? पण वनखात्याने नमुने नागपूरच्या नीरीला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला दिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होते, आणि काही आठवड्यांत उत्तर सर्वांना कळले: उन्हाने पाणी आटले, क्षार वाढले, खाऱ्या पाण्यात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, गुलाबी रंग त्यांचा. तेव्हाही मोबाइल तेच होते, माणसेही तीच आणि फॉरवर्ड करणारी बोटेही तीच. तरी लोणारच्या पाण्यातून आपल्यासारखे बाळ जन्मले नाही. शेगाव तालुक्यात जन्मले. दोन्हीकडे वेगळी होती ती एकच गोष्ट: एका ठिकाणी कागद बाहेर आला. डोके आणि सरोवर यांची बरोबरी होत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, डोक्याची निकड जास्त, म्हणून कागद अधिक लवकर यायला हवा होता.

आपले हितचिंतक यावर सांगतात की अर्धवट निष्कर्ष जाहीर केले तर घबराट पसरते. गरीब माणूस रेशन घेईनासा होईल, मग उपाशी राहील. हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. कंट्रोलच्या गव्हावर ज्यांची चूल चालते त्यांना ‘तो खाऊ नका’ एवढेच सांगून भागत नाही, बदली धान्य द्यावे लागते. पण मौनाने घबराट टळली का? ती आली, फक्त चुकीच्या पत्त्यावर गेली. धान्याला भ्यायचे ते लोक शेजाऱ्याला भ्याले. सेलेनियमची बाधा एकाची दुसऱ्याला होत नाही, एवढे एक वाक्य अधिकृत सहीशिक्क्याने वेळेवर आले असते तर आपली निम्मी सत्ता गेली असती. चौकशी पुरी व्हायच्या आत बोलता येते, हेही काही अशक्य नाही. २००८ साली अमेरिकेत एका पोषणपूरक द्रवाने लोकांचे केस आणि नखे गळू लागली, तेव्हा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने आधी ‘हे घेऊ नका’ असा इशारा दिला आणि सेलेनियम लेबलापेक्षा सुमारे २०० पट आहे, हे त्यानंतर सांगितले. अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्या जळगाव जामोद तालुक्यातले भेंडवळ घ्या. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत चारचौघांत सांगून मोकळे होतात. पाऊस, पिके, राजाची गादी, सगळे. त्याला विज्ञान म्हणायला मी तयार नाही. पण वेळ पाळण्यात विज्ञानाने घटाकडून हार खावी, हे काही बरे दिसत नाही.

दुसरे हितचिंतक म्हणतात, अफवांवर इलाज म्हणजे शिक्का. केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत तशी सोय केलीही होती: केंद्राच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा की दिशाभूल करणारा, हे केंद्राचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार. विनोदवीर कुणाल कामरा न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. म्हणजे आपल्या बारशाच्या चार महिने आधी. समजा ती टिकली असती. कंट्रोलच्या गव्हाचा पुरवठा हा केंद्राचा कारभार. मग जानेवारीत ‘दोष पाण्यात आहे’ या मजकुराला कक्षाने हात लावला नसता, आणि ‘दोष गव्हात आहे’ या मजकुरावर लाल शिक्का बसण्याचीच शक्यता जास्त होती. आपल्या केसालाही धक्का लागला नसता (हा वाक्प्रचार आपल्याबाबत वापरताना संकोच वाटतो).

आता माझ्या बाजूचा लंगडा पाय. आपले नाव माध्यमांनीच मोठे केले, मग माहितीचा हक्क मागायला त्यांचे तोंड कुठले? आरोप खरा आहे. प्रश्नचिन्ह लावून ‘व्हायरस?’ असे छापले की आपण मोकळे झालो, असे मानणारी पत्रकारिता आपल्या पंगतीलाच बसते. पण तालुक्याचा बातमीदार काय करतो तेही पाहावे. वाहिनीला दृश्य हवे असते, त्याला मिळते तुटपुंजे मानधन. अधिकारी ‘अहवाल आल्यावर बोलू’ म्हणतात, आणि संध्याकाळी सहाला बातमी तर द्यायचीच असते. तिथे ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हेच त्याचे कंट्रोलचे दुकान. शिवाय माहिती हे माध्यमांना चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारे बक्षीस नव्हे. ती बोंडगावच्या माणसाची आहे, केस त्याचे गेले होते. बातमीदार तिचा हमाल, वाटेत पोते फाडणारा हमाल असला तरी मालक बदलत नाही.

म्हणून एक विनंती. आपला संचार दांडगा, ओळखी घराघरांत. माहिती अधिकार कायदा, २००५ याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशी माहिती न मागता जाहीर व्हायला हवी, आणि जीविताचा प्रश्न असेल तर सातव्या कलमाने ४८ तासांत द्यावी लागते. तरीही कोणीतरी अर्ज केलेला बरा, तो आपणच करावा. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही माफ. कारण विचारले जात नाही. फक्त अर्जदार भारताचा नागरिक असावा लागतो आणि मुळात अस्तित्वात असावा लागतो. तेवढी एक अडचण आपल्याला येईल.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक शिधापत्रिकाधारक