पाठ गारठवण्याची साधना

सह्याद्रीत थंडीच्या रात्री झोपायचे दोन मार्ग पूर्वापार चालत आले आहेत. एक, गडावरच्या गुहेत किंवा देवळात ओळीने पथाऱ्या टाकून. दुसरा, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी पडवीत. दोन्हींत झोप लागते, आणि हाच त्यांचा दोष. डिसेंबरात दोन झाडांमध्ये नायलॉनची झोळी, म्हणजे आजच्या भाषेत हॅमॉक, टांगून खाली काहीही न अंथरता जो रात्र काढतो, तो या झोपाळू जमातीच्या पुष्कळ वर असतो. निदान दोन फूट तरी.

त्याची थोरवी समजायची तर थोडं पदार्थविज्ञान सहन करावं लागेल. ऊब कापडात नसते, कापडात अडकून पडलेल्या हवेत असते. स्लीपिंग बॅगेतली पिसं काय किंवा गोधडीतले जुन्या लुगड्यांचे थर काय, काम एकच : हवेला हलू न देणं. झोळीत माणूस पडला की पाठीखालची पिसं त्याच्या वजनाने चेपतात, हवा निघून जाते आणि महागडी बॅग पाठीच्या बाजूला नुसती दोन कापडं होऊन उरते. जमिनीवर निदान खालून वारा येत नाही. झोळीत तीही सोय आहे. अंगाने तापवलेली हवा वारा घेऊन जातो आणि ताजी, थंडगार आणून देतो. शहरात याच सुखासाठी विजेचं बिल भरावं लागतं.

खेड्यातल्या माणसाला हे सुख कळत नाही. बाजेवर झोपणारा तो. थंडीत पांघरुणाच्या आधी तो खाली गोधडी अंथरतो. भंडारदऱ्याच्या बाजूला अशाच एका झोळीचं कापड चिमटीत धरून गावातल्या मामांनी विचारलं, ‘‘दादा, खाली काय नाय टाकलं?’’

‘‘मामा, ही बॅग शून्य डिग्रीची आहे,’’ झोळीतून उत्तर आलं.

मामा ‘‘बरं’’ म्हणाले आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घराकडे वळले. विज्ञानापुढे परंपरा निरुत्तर होते ती अशी.

त्या शून्याची हकिगतही ऐकण्याजोगी आहे. युरोपीय मानकानुसार असे आकडे काढताना बॅगेत एक तापवलेला पुतळा झोपवतात. त्याच्या अंगात कपडे असतात आणि खाली मॅट असते. लेबलावर मग आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा असे वेगवेगळे आकडे येतात. टोकाचा आकडा झोपेचा नव्हे, कसंबसं तगून राहण्याचा. आपला वीर नेमका तोच पाहून बॅग घेतो, आणि वर मॅट घरी ठेवतो. पुतळ्याला मॅट लागते, माणसाला लागत नाही.

इतिहास काढणारे इथेही आडवे येतात. म्हणे, कोलंबसाने 1492 मध्ये बहामा बेटांवर लोकांना झोळ्यांत झोपलेलं पाहिलं, आणि ती बेटं उष्ण. तिथे पाठीला वारा लागणं हाच तर हेतू. पुढे इंग्रजांच्या आरमारात खलाशी झोळ्यांत झोपू लागले ते आत गादी घालून. एवढं मोठं साम्राज्य उभं करणाऱ्यांना पाठीखाली गादी लागावी, याचं वाईट वाटतं.

जागा निवडण्यातही वीराची प्रतिभा दिसते. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात दव गोठतं, त्याची वर्तमानपत्रांत छायाचित्रंही येतात, आणि गावात मात्र तेवढा गारठा नसतो. पाण्याच्या काठापासून पन्नास पावलं वर, झुडपांच्या आडोशाला झोळी बांधली तर रात्र जरा सुसह्य होते. पण वरून पाण्यात चांदणं दिसत नाही. वीर खालीच बांधतो.

मग तयारी. चढताना घामाने भिजलेला सुती टी-शर्ट तो अंगातच ठेवतो. ओलं कापड ऊब शोषून घेतं हे शाळेत शिकलेलं मुलांसाठी असतं. दोन घोट रम घेतो. रमने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडायला मोकळी होते. उदार माणसाला हे शोभतंच. तोंड बॅगेच्या आत घेतो, म्हणजे श्वासाची वाफ पिसांत मुरून ती ओलसर होतात. एखादा प्रगत साधक शेकोटी झोळीखाली सरकवायचं सुचवतो. नायलॉन ठिणगीने वितळतं हे मान्य, पण खालून ऊब मिळवण्याचा त्याचा हा एकच गंभीर प्रयत्न असल्याने त्याला हसू नये. वनखात्याचे लोक हसत नाहीतच.

दोनच्या सुमाराला फळ मिळतं. आधी कंबर गार पडते, मग कुल्ले, मग खांदे. छातीवर मात्र घाम. कूस बदलावी तर गार व्हायला नवी बाजू मिळते. शेजारच्या झाडांना एक भेकड इसम असतो. त्याने झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला एक रजई टांगलेली असते. तिच्यावर वजन पडत नाही, म्हणून ती चेपत नाही. मधे फट राहू नये एवढं बघितलं की झालं. ज्याच्याकडे तीही नाही तो फोमची साधी मॅट झोळीत अंथरतो आणि कोरडे कपडे, कानटोपी, लोकरी मोजे घालून पडतो. असे लोक घोरतात. त्यांच्याकडे सकाळी सांगायला काहीही नसतं.

यंदा ही साधना करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे रात्र चांगली तेरा तासांची मिळते. पूर्वेला कळसूबाईसारखा 1646 मीटरचा डोंगर असेल तर ऊन आणखी उशिरा. चहाचं सामान मात्र त्या मॅटवाल्याकडेच ठेवा. पहाटे काडी पेटवण्याइतकी बोटं फक्त त्याचीच चालतात.