ग्रामसभेने लॅपटॉप घ्यावा तो असा

सर्वप्रथम अभ्यास गट स्थापन करावा. धानोरा तालुक्यात याला पर्याय नाही. तालुक्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावरच्या मेंढा (लेखा) गावाने पायंडाच असा पाडला आहे, की आधी अभ्यास गटात बसायचं, मग ग्रामसभेत यायचं आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. सर्वसहमतीचा फायदा हा, की लॅपटॉप बंद पडल्यावर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणायला कुणी उरत नाही. तोटा हा, की सगळ्यांचं जमेपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं. पण आपल्याला जुनंच घ्यायचं आहे, तेव्हा हा तोटाही जमेच्या बाजूला लिहावा.

गटापुढचा पहिला प्रश्न: लॅपटॉप पाहिजे कशाला? उत्तर खरं द्यावं. तेंदूच्या हंगामाचा हिशेब, मजुरीची यादी, बांबूच्या विक्रीचे कागद, सामूहिक वनहक्काच्या हद्दीचा नकाशा. हे सगळं लिब्रेऑफिस आणि क्यूजीआयएस या दोन मुक्तस्रोत प्रोग्रामांत होतं, आणि दोन्ही फुकट आहेत. फुकट म्हटल्यावर गटातला एखादा ज्येष्ठ सदस्य ‘मग त्यात खोट काय आहे?’ असं विचारतोच. प्रश्न रास्त आहे. खोट ही, की क्यूजीआयएसमध्ये अठराशे हेक्टर जंगलाखाली उपग्रहाचं चित्र अंथरलं, की चार जीबी रॅमचं मशीन चहा प्यायला निघून जातं. आठ जीबी घ्यावी. यावर सर्वसहमती होईपर्यंत सभा उठवू नये.

वजनाबाबत कंपनीच्या जाहिरातीवर विसंबू नये. गावात मोहफुलं मोजायचा काटा असतो, त्यावर लॅपटॉप ठेवावा. मग चार्जर ठेवावा, कारण जाहिरातीत तो कधीच मोजलेला नसतो. दोन्ही मिळून दोन किलोच्या आत बसलं पाहिजे. हे ओझं गडचिरोलीपर्यंत एसटीत मांडीवर आणि पुढच्या कामाला कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे जाणार आहे.

स्वस्त, हलका, मुक्तस्रोत लॅपटॉप खेड्यात नेण्याची कल्पना काही आपली नाही. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या लहानशा शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’वाल्यांनी हिरवी-पांढरी एक्सओ मशीनं आणली होती. दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी या योजनेला नकार दिला होता, हे विशेष. वजन दीड किलोच्या आत, भर उन्हात वाचता येईल असा पडदा, आणि कीबोर्डवर एक खास कळ, जी दाबली की चालू प्रोग्रामचा कोड दिसावा! भाव शंभर डॉलर ठरला होता, तो दोनशेच्या आसपास गेला. एक्सओ आता शोधू नये. पण त्या कळीमागचा विचार लक्षात ठेवावा, खाली लागेल.

आता मुहूर्त. 14 ऑक्टोबर 2025 ही तारीख काटकसरी माणसाने पंचांगात लिहून ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलची ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनची चिप लागते. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतची धडधाकट मशीनं पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांनी ‘म्हातारी’ म्हणून काढली. लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीला त्यांच्या वयाशी काही देणंघेणं नाही. थिंकपॅड एक्स270, डेल लॅटिट्यूड 7280, एचपीचं एलिटबुक 820 ही या खेपेतली चांगली घराणी. गटाने माझं मत विचारलंच तर एक्स270. त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. मागची काढून दुसरी लावताना मशीन बंद करावं लागत नाही. पावसाळ्यात वीज जाते आणि केव्हा येईल ते कुणी सांगत नाही, अशा ठिकाणी ही सोय पडद्याच्या चकाकीपेक्षा मोठी.

खरेदीला नागपूरला, सीताबर्डीला जावं. खिशात पैसे आणि पेनड्राइव्ह दोन्ही ठेवावेत. पेनड्राइव्ह आधी बाहेर काढावा. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घरूनच भरून न्यावी. दुकानदार म्हणेल, ‘भाऊ, एकदम कंपनी कंडिशन, डोळे झाकून घेऊन जा.’ डोळे उघडे ठेवावेत. मशीन पेनड्राइव्हवरून चालू करावं. वाय-फाय दिसतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का, प्रत्येक कळ उमटते का, हे बघावं. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता हे दोन्ही आकडे लिनक्स स्वतः सांगतं. दुकानदार एकच सांगतो. मग बायोसमध्ये शिरावं. तिथे पासवर्ड मागितला आणि दुकानदार ‘तो जुन्या कंपनीवाल्यांचा आहे जी, त्याने काही होत नाही’ म्हणाला, तर चहा घ्यावा, आभार मानावेत आणि पुढच्या दुकानात जावं.

नवाकोरा, हलका, स्वस्त असा एक मोह वाटेत उभा असतोच. 2023 मध्ये आलेला जिओबुक घ्या: 990 ग्रॅम, बाजारात आला तेव्हा 16,499 रुपये. काटा खूश, खजिनदार खूश. पण त्यात मोबाइलच्या जातीची चिप आहे, आणि आपल्या पेनड्राइव्हवरचं लिनक्स इंटेल-एएमडीच्या चिपांसाठी बांधलेलं. ते इथे उठतच नाही. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, वाढवायची सोय नाही. एक्सओच्या त्या कळीच्या नेमकं उलट: मालक तुम्ही, पण आत काय चालावं ते दुसरा ठरवणार. हा अनुभव या तालुक्याला नवा नाही. मेंढ्याला 2009 मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, बांबू गावाचा झाला, पण वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती राहिला, आणि परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर विकायला नेता येईना. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याला येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे तो बांबू खरा गावाचा झाला. कुलूपबंद लॅपटॉपचं पुस्तक द्यायला कुणी मंत्री येणार नाही.

घरी आणल्यावर डेबियन किंवा मिंट जे बसवायचं ते बसवावं. यावर तरुणांत भांडण होईल, होऊ द्यावं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासून असतो, फक्त सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. खरी अडचण पुढे आहे. एखाद्या कार्यालयातून ‘योगेश’ किंवा ‘सुरेख’ अशा जुन्या फॉन्टात टंकलेली फाइल येते आणि उघडल्यावर पडद्यावर मंत्रतंत्रासारखी अक्षरं दिसतात. लॅपटॉपला व्हायरस लागला असं समजून कुणी घाबरू नये, आणि ‘लिनक्स बेकार आहे’ असा ठरावही घेऊ नये. फाइल युनिकोडमध्ये किंवा पीडीएफ करून पाठवावी, असा विनंती अर्ज संबंधित कार्यालयाला द्यावा. अर्ज कागदावर, दोन प्रतींत असावा, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.