घरची आहेत हो!

दुकानातली अंडी आणून कुणाला भेट दिली तर लोक आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. तीच अंडी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, एखाद्याला पीस चिकटलेलं तसंच ठेवून, “घरची आहेत हो!” म्हणत पुढे केली, की देणाऱ्याची उंची दोन बोटं वाढते. परसात कोंबड्या पाळायचा पहिला फायदा पोषणाचा, असं जाणकार सांगतात. माझ्या मते तो या दोन बोटांचा.

देताना मी थोडं भाषणही करते. बलक बघा कसा केशरी, बाजारातला कसा फिक्कट! (हा रंग कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्याचा आणि माझ्या झेंडूच्या पाकळ्यांचा असतो. पाकळ्या तिने चोरून खाल्लेल्या असतात, म्हणजे माझं कर्तृत्व शून्य. पण एवढा तपशील भाषणात बसत नाही.) ठाण्याच्या नणंदेचा मात्र फोन आला, “वहिनी, तुमची अंडी उकडून सोलताच येत नाहीत. कवचाबरोबर निम्मं अंडं निघून येतं.” मी म्हटलं, “वन्सं, ताज्या अंड्याचं असंच असतं. आतला वायू हळूहळू कवचातून निघून गेला की पापुद्रा सुटतो. आठवडाभर ठेवा नि मग उकडा.” त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे शिळं करून खायचं? मग दुकानातलं काय वाईट होतं?”

हयात आस्थापना विभागात गेली असल्यामुळे गावी आल्यावर मी खुराड्याच्या दारावर मस्टर टांगलं. कोंबड्या आठ, रकाने आठ. पंधरवड्यात कळलं की हे खातं कुठल्याही नियमावलीत बसणारं नाही. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो, आणि त्यातला बराचसा नुसतं कवच चढण्यात जातो. त्यामुळे आज सकाळी आठला हजर झालेली उद्या नऊला, परवा त्याहून उशिरा, असं करत करत एक दिवस सरळ खाडा करते. थंडीत दिवस लहान झाला की सामुदायिक रजा. पिसं झडायला लागली की भरपगारी रजा. अंडं नाही, पण कणी, कोंडा आणि शिंपल्यांचा चुरा वेळच्या वेळी मिळालाच पाहिजे.

आणि दिवेलागणीला खुराड्याचं दार लावायला घरात माणूस हवंच. मुंगूस आणि उदमांजर यांना आमच्या घरातलं कोण कुठे गेलंय याची पक्की खबर असते. कोंबड्या आल्यापासून मी संध्याकाळचं एकही रिसेप्शन बघितलेलं नाही. हिला लोक जबाबदारी म्हणतात, मी सवलत म्हणते.

मानमोडीची लस हा आणखी एक मानाचा प्रसंग. बाटलीत डोस शंभर, एकदा कालवली की काही तासांत संपवायची, आणि माझ्या कोंबड्या तर आठ. म्हणून रात्री, कोंबड्या निमूट बसलेल्या असताना, घरोघर जाऊन सगळ्या वाडीच्या कोंबड्या धरायच्या आणि डोळ्यात एकेक थेंब सोडायचा. त्या रात्रीपुरतं मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

आता खुडुक कोंबडीबद्दल. संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे याची कल्पना आहे, पण खुडुक कोंबडीला मर्यादा माहीत नसते. कालपर्यंत पायांत घोटाळणारी आमची काळी एका सकाळी पिसं फुलवून गुरगुरायला लागली. हात घातला की टोच. खाली अंडी असोत, नसोत, गुळगुळीत दगड असो, ती बसणार म्हणजे बसणारच. पोल्ट्रीच्या जातींतून हा गुण पिढ्यान्पिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकलेला आहे. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, आणि वर्षाला तीनशेच्या घरात अंडी हवी असतील तर आईपण परवडत नाही. गावठीत ते अजून शाबूत आहे. खुडुक मोडायचे इलाजही पिढीजात: पाण्यात बुचकळा, टोपलीखाली कोंडा, नाही जमलं तर नाकात पीस घाला. शेजारच्या काकी पीस घेऊन आल्यासुद्धा. मी त्यांना चहा पाजला आणि काळीखाली अंडी मांडली.

एकवीस दिवस! दिवसातून एकदा उठायचं, चार दाणे, दोन घोट पाणी, एक वर्णनापलीकडची प्रचंड शीट, की परत बैठक. मधूनमधून चोचीने अंडी फिरवायची. आठवड्याने अंधारात अंडं टॉर्चवर धरलं तर आत तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. आणि शेवटी शेवटी, कवच फुटायच्याही आधी, आतून पिल्लू चिवचिवतं आणि ती बाहेरून त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. मी तिथे पाट टाकून बसले होते. पुण्याहून मुलाचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. नंतर त्याला सांगितलं, मीटिंगमध्ये होते.

असो. दानशूरपणाकडे वळते. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं, असं शासनाने नोव्हेंबर २०२३मध्ये ठरवलं. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी काढून घेतला. द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. ‘लोकसहभाग’ वाचताच मी ताठ झाले. पेन घेतलं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. आठ कोंबड्यांची आठवड्याला दहा-अकरा झाली. वाडीच्या शाळेत मुलं तीस. म्हणजे अख्खं खुराडं राबलं, मी स्वतः एकही खाल्लं नाही, तरी तीन पोरांत एक. पोराच्या ताटात आठवड्याला एक उकडलेलं अंडं पडावं म्हणून शाळेने गावात वर्गणी मागत फिरायचं, हे काही मला हसून सोडून देता येत नाही. तशी वर्गणी जिथे निघू शकते तिथल्या पोरांना अंड्याची फारशी गरज नसते. सरकारी नोकरीत मी असले हिशोब पुष्कळ पाहिले, काहींवर सह्याही केल्या.

ठाण्याची रसद तेव्हापासून बंद आहे. अंडी पहिली-दुसरीपुरती पुरतात. शाळेतल्या मावशी ती बिनतक्रार सोलतात. बलकाचा रंग कुणी विचारत नाही, त्यामुळे भाषणाला वावच नाही, एवढी एक गैरसोय.

काळी आता अंडी देत नाही. कोंबडा असता तर राखणीला गेला असता, कोंबडीचं उत्तर आमच्याकडे वडे. मीही बाजारचं चिकन आवडीने खाते, त्याचं तोंड मी पाहिलेलं नसतं. काळीचं रोज बघते. म्हणून काकींनी विचारलं, “हिचं काय करणार?” की मी सांगते, “खुडुक बसलीय हो.” परवा काळी भर अंगणात झेंडूचा वाफा उकरत होती आणि काकी कुंपणापाशी उभ्या.

“गणपतीपासून खुडुक? शिमगा आला गो बाय,” काकी म्हणाल्या. “हिच्याखालून पिल्लं निघायचीत की हत्ती?”