जुन्या ट्रॅक्टरच्या रिंगा : नवशिक्यांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम

हळदीचे पैसे हातात आले आहेत, घरच्यांनी मान डोलावली आहे आणि हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावाच्या आसपास कुणाचा तरी तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर विकायला निघाल्याचं कानावर आलं आहे. अशा माणसासाठी हा अभ्यासक्रम आहे. ज्यांना सगळं कळतं त्यांनी वाचू नये. ते तसेही तुमच्यासोबत बघायला येणारच आहेत.

सोबत चार माणसं न्यावीत असा रिवाज आहे. पहिला टायरला लाथ मारतो. त्यावरून इंजिनाचं काहीही कळत नाही, पण विक्रेत्याला आपण जाणकार आहोत असं वाटतं आणि लाथ मारणाऱ्यालाही तसंच वाटतं. दुसरा बॉनेटवरचा नवा रंग बघून "माल एक नंबर हाय" असं मोठ्यानं म्हणतो आणि तुमचा भाव तिथेच वाढवून ठेवतो. तिसरा बोलता बोलता विक्रेत्याच्या सोयरिकीतला निघतो. चौथा मिस्तरी. काम त्याचं एकट्याचं असतं, म्हणून त्याला चहा आधी द्यावा.

वेळ पहाटेची ठरवा. शुभ असते म्हणून नव्हे, इंजिन गार असतं म्हणून. पोचल्या पोचल्या राम राम घालायच्या आधी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागलं तर विक्रेता सांगेल, "बॅटरी उतरली होती दादा, जरा चालू करून ठेवला." त्याचा आदर राखून चहा प्या, घरी जा आणि दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा या. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल आपोआप पेटतं. हा दाब खाली निसटू नये म्हणून पिस्टनवर रिंगा असतात. त्या झिजल्या, लायनर चाटून गेलं, की दाब फटीतून पळतो आणि उरलेली गरमी गार लोखंड शोषून घेतं. मग सेल्फ मारून मारून बॅटरी दमते. तोच ट्रॅक्टर एकदा तापला की गरिबासारखा एका खटक्यात चालू होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारातली निम्मी फसवणूक या कोमटपणात असते.

धुराचे रंग पाठ करायला सोपे आहेत. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल, पंप, एअर क्लीनर बघा. गार असताना थोडा पांढरा चालतो, पण तापल्यावरही पांढराच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट. निळसर धूर, त्याला जळक्या ऑइलचा वास, म्हणजे इंजिन ऑइल खातंय. विक्रेता म्हणेल, "पहाटेचं धुकं हाय मालक." धुक्याला ऑइलचा वास येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण फडकं धरून सैल करा आणि तिथंच उलटं ठेवा. झाकण शांत बसलं तर बरं. ते थडथड नाचू लागलं आणि खालून धुराचे झटके यायला लागले तर दाब रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलच्या टाकीत उतरतोय. खाली लोंबणारी ब्रीदरची नळीही बघा. तिच्यातून भकाभका धूर निघत असेल तर निदान तेच. नळीच्या तोंडात चिंधी कोंबलेली आढळली तर निदान आणखी पक्कं झालं, शिवाय विक्रेत्याचंही झालं. डिपस्टिक काढून ऑइल बोटांत चोळा. काही लोक धूर दाबायला इंजिनात जाड ऑइल भरतात. मग तुमच्यासमोर धूर कमी आणि गार इंजिनाची सेल्फ जड. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर आणि ऑइल पातळ असेल तर डिझेल झिरपतंय.

इथपर्यंत सगळे येतात. यापुढचा धडा नवशिके सोडून देतात, आणि खरा इतिहास तिथंच लिहिलेला असतो: एअर क्लीनर. रिंगा वयानं कमी आणि धुळीनं जास्त मरतात. आपल्या भागातला ट्रॅक्टर नुसता नांगरत नाही. तो सोयाबीनच्या मळणी यंत्राला जोडून धुरळ्यात उभा राहतो. हळदीचं पॉलिश करायच्या ड्रमला जोडून दिवसभर एकाच जागी घुमतो, आणि ती पिवळी धूळ कुठं कुठं जाते ते अंगावरच्या कपड्यांना विचारा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या रस्त्याला लागतो. म्हणून "जास्त चालला न्हाई, जागेवरच असायचा" हे प्रमाणपत्र ऐकून खूश होऊ नका. जागेवर उभ्या ट्रॅक्टरचं इंजिनही तास खातंच, आणि धुरळ्यातले तास सगळ्यात वाईट.

जुन्या ट्रॅक्टरांना ऑइलचं भांडं असलेलं एअर क्लीनर असतं. भांडं खाली उतरवायला सांगा. आत खुणेपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ ऑइल असेल तर मालक काळजीचा माणूस. भांडं कोरडं ठणठणीत असेल, किंवा तळाला चिखलाचा थर बसला असेल, तर इंजिनानं कित्येक हंगाम शेताची माती ओढली आहे. मग तिथून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी तपासा. तिला चीर असेल, किंवा क्लिपच्या जागी सुतळी गुंडाळलेली असेल, तर क्लीनर कितीही स्वच्छ असला तरी धूळ आडवाटेनं आत गेली. बॉनेट रंगवतात, सीट बदलतात, ऑइल ताजं भरतात. या नळीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

या झिजेपुढे मोठमोठ्या कंपन्यांनीही हात टेकले आहेत. जर्मनीच्या एनएसयू कंपनीनं 1967 मध्ये आरओ 80 ही मोटार काढली. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हता. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेतला तीन कोनांचा रोटर फिरायचा, आणि दाब धरायला त्याच्या तिन्ही टोकांवर पट्ट्या असायच्या. मोटारीला युरोपातल्या वर्षातल्या सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला आणि लगोलग पट्ट्या झिजून इंजिनं परत यायला लागली. 1969 मध्ये कंपनी फोक्सवॅगनकडे गेली. जपानच्या माझ्दाला अशाच रोटरी इंजिनाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे सापडले. तिथल्या इंजिनिअरांनी त्यांना सैतानाची नखं म्हटलं, ती घालवली, आणि 1991 मध्ये माझ्दाच्या चार रोटरच्या गाडीनं ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. पण रोटरीचा स्वभाव ट्रॅक्टरच्या उलटा. झिजलेलं रोटरी गार असताना मुकाट चालू होतं आणि तापल्यावर बंद केलं की पुन्हा चालू व्हायला नखरे करतं. शिवाय पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल जाळायचं हीच त्याची रचना. तेव्हा हट्ट्यात कधी कुणी रोटरी मोटार विकायला काढलीच, तर बघायला भर दुपारी जा.

ट्रॅक्टरकडे परत. तापल्यावर त्याला भार द्या: भरलेली ट्रॉली घेऊन चढण, नाहीतर पलटी नांगर लावून एखादं तास. रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर पळवून दाखवणं ही करमणूक आहे, परीक्षा नव्हे. शंका राहिलीच तर मिस्तरीला नोझल काढून गेजनं प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला सांगा. एकाचा बाकी दोघांपेक्षा फार कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा आणि लायनर. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. विक्रेता यावर "माझ्यावर विश्वास न्हाई का?" असं विचारील. विश्वास आहे म्हणा, आणि गेज लावा.

परभणीची एमएच 22 पाटी दिसली म्हणून ट्रॅक्टर बाहेरून आणलेला समजू नका. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. ट्रॅक्टर जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा असू शकतो. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का तेवढं बघा, कारण तो कुठल्याच गेजवर दिसत नाही.

रिंगा गेलेला ट्रॅक्टर घेऊच नये असं नाही. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, मागचा धुरा ठीक असेल तर इंजिनाचं काम करून तो चांगला चालतो. फक्त पिस्टन, रिंगा, लायनर आणि मजुरीचा अंदाज मिस्तरीकडून आधी कागदावर घ्या आणि तेवढी रक्कम भावातून वजा करा. विक्रेता कबूल झाला तर इसार द्या आणि फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या त्याच बैठकीत घ्या. कबूल नसेल तर चहाचे आभार मानून उठा.