अळीची बाजू

२००३ सालच्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर आलेली असताना, मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्या. ज्या राज्यात कुठल्याही चॉकलेटला पोरं कॅडबरीच म्हणतात, तिथे केवढा बोभाटा झाला असेल! अन्न व औषध प्रशासनाची बाजू छापून आली, कंपनीची आली, दुकानदारांची आली. अळीचीच तेवढी राहिली, कारण तिच्याकडे जनसंपर्क अधिकारी नव्हता. ही उणीव आज हे सदर भरून काढत आहे.

कंपनीचं म्हणणं असं होतं की, आमच्या कारखान्यात अळी शिरूच शकत नाही. दुकानदार माल नीट ठेवत नाहीत, तिथेच काय ते झालं असणार. यावर प्रशासनाने विचारलं, मग वेष्टन कशासाठी असतं? फारच अरसिक प्रश्न. इकडे बिचाऱ्या वाण्याने वर्षानुवर्षं रवा, डाळ आणि चॉकलेट शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदवलेलं. एका सकाळी त्याला कळलं की आपण एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या अब्रूचे राखणदार होतो आणि खुशाल झोपा काढत होतो.

अळीला तेव्हा चांगला सल्लागार मिळता, तर तिचं पत्रक असं निघालं असतं:

‘आमच्या उपस्थितीमुळे काही ग्राहकांच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आम्ही आत कधी व कसे शिरलो, याची अंतर्गत चौकशी सुरू असून तोवर भाष्य करणे उचित ठरणार नाही. संबंधित तुकडा संदर्भ सोडून मोडण्यात आला आहे. गुणवत्तेच्या बाबतीत आम्ही कधीही तडजोड करत नाही. आमची निवडच त्याची साक्ष देईल.’

अळीच्या मानाने हे जरा जास्तच वाटतं का? मग माणसांचं ऐका. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार गेले. महिनाभर समुद्रात तेल ओतत होतं, तेव्हा कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले की, हे संपावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नाही, मला माझं आयुष्य परत हवंय. २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला रक्त येईस्तोवर फरफटत नेलं. प्रमुखांनी माफी मागितली ती काही प्रवाशांची ‘दुसरी सोय’ करावी लागल्याबद्दल! पुढे शेअर घसरला, त्याच दिवशी पाझरही फुटला.

कॅडबरीवाले यांच्यापेक्षा हुशार निघाले, हे मान्य केलं पाहिजे. ऐन सणात विक्री सुमारे ३० टक्क्यांनी आपटल्यावर त्यांनी हुज्जत आवरती घेतली. ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून दुकानदारांना माल कसा ठेवावा ते शिकवलं. कोट्यवधी रुपयांची यंत्रं बाहेरून मागवली आणि जानेवारी २००४ मध्ये नवं वेष्टन आणलं: आतली चांदी चहूबाजूंनी बंद, वर आणखी एक पाकीट. आणि मग जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. कारखान्यात काहीच चुकलं नव्हतं, म्हणून कारखान्यातली यंत्रं बदलली. ऑक्टोबरात ज्या कागदात काही खोट नव्हती, तो जानेवारीत गेला. व्यवस्थापनाच्या वर्गांतून हे प्रकरण आजही कौतुकाने शिकवतात आणि श्रेय बहुतेकदा बच्चनना जातं. माझ्या मते काम केलं ते पाकिटाने. बच्चन कितीही उंच असले तरी अळीला थोपवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि पाकीट तरी कुणी बदलायला लावलं? त्या दिवाळीत चॉकलेटचा डबा परत फळीवर ठेवून पेढे घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाने. तेव्हा वाचकहो, दिलगिरीची पत्रकं वाचण्यात वेळ दवडू नका. पुढच्या खेपेला कशात काही निघालं, तर दोन महिने ती वस्तू घेऊ नका आणि पाकिटाकडे लक्ष ठेवा.