वारुळात नोकरीस लागू इच्छिणाऱ्या इसमांस सूचना

मुंग्यांच्या वारुळात कायम स्वरूपाची नोकरी मिळावी अशी ज्यांची मनीषा असेल त्यांनी आपली पदवीपत्रे, कुलवृत्तांत, चारित्र्याचे दाखले आणि वशिल्याच्या चिठ्ठ्या प्रथम घरी ठेवून याव्यात. कारण ज्या राज्याचा बराचसा कारभार भूगर्भातील निबिड अंधारात चालतो, तेथे लिहिलेले वाचणारा कोणी नाही आणि वाचावे अशी कोणास निकडही नाही. त्या राज्याचे समग्र दफ्तर गंधात आहे. इसमाची ओळख, रस्त्याचा हुकूम, संकटाची वर्दी, किंबहुना मृत्यूची नोंदसुद्धा, या सर्व बाबी वासावरून निकालात निघतात, आणि जी गोष्ट वासाने शाबीत होत नाही ती घडलेलीच नाही असे समजण्याचा तेथे शिरस्ता आहे. आयुष्याचा काही काळ सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यात ज्यांनी घालवला असेल त्यांना या व्यवस्थेत अपरिचित असे फारसे आढळणार नाही.

उमेदवार दाराशी येताच त्याच्या अंगावरून दोन शृंगिका फिरवल्या जातील. त्या वेळी हसू नये, दचकू नये, आणि नाव तर मुळीच सांगू नये. मुंगीच्या कातडीवर मेणासारख्या हायड्रोकार्बनांचा अत्यंत पातळ लेप असतो. त्यांतील घटक एकाच जातीच्या निरनिराळ्या वारुळांत बहुधा तेच असले तरी त्यांचे प्रमाण प्रत्येक वारुळाचे निराळे असते, आणि हे प्रमाण हीच तेथील सनद होय. सनद कोणा एकीच्या मालकीची नसते. परस्परांना चाटून आणि तोंडातले अन्न परस्परांना भरवून सर्वजणी ती एकसारखी राखतात, आणि आहार व ऋतू यांच्या फरकाने ती हळूहळू पालटतही जाते, त्यामुळे दीर्घ रजेवर गेलेल्या इसमास परत आल्यावर आपल्याच दारात परका ठरण्याचा धोका संभवतो. तपासनीसाची पात्रता मात्र वादातीत आहे. फळमाशीजवळ गंध ओळखणारे ग्राहक साठेक प्रकारचे असतात, तर मुंग्यांच्या काही जातींत त्यांची संख्या चारशेच्या आसपास जाते. स्वित्झर्लंडचे ऑग्युस्त फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात मुंग्यांच्या शृंगिका छाटून पाहिल्या, तेव्हा एरवी दृष्टीस पडताच परस्परांचे पाय तोडणाऱ्या भिन्न जातींच्या मुंग्या एकत्र सुखाने नांदू लागल्या. या फोरेलसाहेबांची छबी पुढे त्यांच्या देशाने एक हजार फ्रँकच्या नोटेवर छापली आणि नोटेच्या पाठीवर मुंग्या छापल्या. विद्वत्तेचा एवढा रोख सन्मान अन्यत्र क्वचितच झाला असेल.

आता सनद नसता आत शिरण्याचे मार्ग. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जन्मतःच अर्ज करणे. कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुंगीच्या अंगावर वास असा जवळजवळ नसतो, आणि तिला त्या पहिल्या काही तासांत परक्या वारुळात नेऊन सोडले तरी पुष्कळदा बिनतक्रार सामावून घेतले जाते. दाखला खोटा असेल तर गर्दन मारावी, परंतु दाखला कोराच असेल तर तो आपण भरून द्यावा, असे हे उदार धोरण आहे. ज्यांचे वय याहून अधिक झाले असेल त्यांना तोतयेगिरीवाचून गत्यंतर नाही, आणि त्या कलेत युरोपातील फेंगारिस नावाच्या निळ्या फुलपाखराच्या सुरवंटाइतका निष्णात गुरू मिळणे कठीण. हा गृहस्थ काही दिवस वनस्पतीवर काढतो, नंतर जमिनीवर उतरून स्वस्थ पडून राहतो, आणि अंगाला मिर्मिका मुंग्यांच्या पिलांसारखा वास असल्यामुळे वाटेने जाणारी कामकरी मुंगी ‘आपलेच लेकरू हरवले’ अशा समजुतीने त्यास उचलून घरी नेते. तेथे काही जातींचे सुरवंट यजमानांची पिले खातात, तर काही जातींचे इतके लाडावतात की यजमानीण स्वतःच्या पिलांच्या तोंडचा घास त्यांना भरवते. तथापि तोतयावरही तोतया असतो. इक्न्यूमॉन युमेरस ही गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली माशी नेमका हा सुरवंट हुडकीत वारुळात शिरते आणि असे काही द्रव्य सोडते की पहारेकरणी आपसांतच मारामारीस प्रवृत्त होतात. तो दंगा चालू असता ती सुरवंटाच्या अंगात अंडे घालून चालती होते. 2002 साली हा प्रकार प्रसिद्ध झाला तेव्हा शास्त्रज्ञांना आश्चर्य वाटले म्हणतात. आम्हांस वाटले नाही.

चिरीमिरीचा मार्गही खुला आहे, परंतु तो पद्धतशीर चोखाळला पाहिजे. लोमेकुसा वंशातील भुंगेरा दाराशी अडवला जाताच वाद घालीत नाही. तो पोटाचे टोक पुढे करून तेथील ग्रंथीतला स्राव पहारेकरणीस चाटावयास देतो, आणि तिचा राग निवळला म्हणजे मग कुशीच्या दुसऱ्या ग्रंथी पुढे करतो, ज्यांचा स्वाद घेतल्यावर ती त्याला स्वतःच आत वाहून नेते. प्रथम राग शमवणारा नजराणा आणि नंतर दत्तकविधान, हा क्रम उलटवू नये.

नेमणूक झाल्यावर बहुधा रस्त्याच्या खात्यात तैनाती होईल. येथील नियम सोपा: पुढच्या मुंगीने जमिनीवर जी गंधरेषा ओढली तीवरून चालावे आणि अन्न सापडल्यास परतताना तीवर आपलीही भर घालावी. अठराव्या शतकात जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी मुंग्यांच्या वाटेवर आडवे बोट फिरवले, तेव्हा सगळी रांग तेथल्या तेथे थबकून गोंधळात पडली. म्हणजे हुकमाचा कागद मधोमध फाटला तर खाते तहकूब होते. शाईची काटकसर मात्र वाखाणण्याजोगी आहे. पाने कापून नेणाऱ्या अमेरिकन मुंग्यांच्या गंधद्रव्याचा एक मिलिग्रॅम पुरवून वापरला तर पृथ्वीला तीन प्रदक्षिणा होतील एवढी वाट आखता येते, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडून ठेवला आहे. उलट आग्यामुंगीने एकटीने ओढलेली रेषा काही मिनिटांतच उडून जाते, आणि ही अल्प मुदतच त्या राज्याचे भाग्य होय, कारण जो हुकूम कोणी पुन्हा गिरवीत नाही तो आपोआप रद्द होतो.

या खात्यात प्रश्न विचारण्यास मनाई आहे, आणि त्याचे परिणाम निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी 1921 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नमूद केले आहेत. ब्रिटिश गियानात त्यांना जवळजवळ आंधळ्या असलेल्या लष्करी मुंग्यांची एक तुकडी दिसली, जिची आघाडी चुकून आपल्याच पिछाडीच्या वासाला लागली होती. वर्तुळाचा परीघ 1,200 फूट, एका फेरीस लागणारा वेळ अडीच तास. हे संचलन दोन दिवस अखंड चालले, बहुतेक मुंग्या चालता चालता मेल्या, आणि त्यांतील प्रत्येकीने हुकमाची तामिली अक्षरशः केली होती हे त्यांच्या सेवापुस्तकात नोंदवले पाहिजे.

संकटाच्या वर्दीसंबंधी थोडक्यात सांगतो. कोकणात आंब्याची पाने जोडून घरटी करणारे जे लाल ओंबील, त्यांच्या आफ्रिकेतील भाऊबंदांच्या जबड्याच्या ग्रंथीत एकाच वेळी अनेक हुकूम साठवलेले असतात. हलके हेक्झानल सर्वांत आधी दूरवर पसरते, त्याचा अर्थ सावधान. मागून हेक्झानॉल येते, त्याचा अर्थ इकडे या. आणि जड, सावकाश उडणारी द्रव्ये शत्रूच्या अंगापाशीच रेंगाळतात, त्यांचा अर्थ चावा. उमेदवाराने हा क्रम पाठ करावा आणि शेवटचा वास आपल्याच अंगाला येत असल्यास राजीनामा द्यावा.

राहता राहिली सेवानिवृत्ती. मेलेल्या मुंगीकडे पहिले एकदोन दिवस कोणी ढुंकूनही पाहत नाही. पुढे कलेवरात ओलेइक आम्ल साठले म्हणजे मग तिला उचलून उकिरड्यावर टाकले जाते. 1958 साली कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी हे आम्ल जिवंत मुंग्यांच्या अंगास लावले, तेव्हा त्यांच्या भगिनींनी त्यांनाही तितक्याच तत्परतेने उकिरड्यावर पोचवले. उचललेल्या मुंग्या हातपाय झाडीत होत्या. पण हातपाय झाडणे हा हयातीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूद नाही. असा प्रसंग आल्यास उमेदवाराने जाबजबाबात वेळ दवडू नये. उकिरड्यावरच बसून अंग स्वच्छ चाटून काढावे आणि मग परत यावे. चाटण्यात कसूर राहिल्यास पुन्हा उचलले जाईल.

अर्जेंटिनी मुंग्यांच्या सेवेत मात्र हयातीचा दाखला प्रत्येकीच्या अंगावर सदैव लावलेला असतो. 2009 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले की मरणाचा वास त्या मुंग्यांच्या अंगी जिवंतपणीही असतोच, पण डोलिकोडायल आणि इरिडोमिर्मेसिन ही दोन द्रव्ये त्यावर मात करतात आणि मृत्यूनंतर सुमारे तासाभरात उडून जातात. तोपर्यंत मृत इसम कागदोपत्री हजर धरला जातो. त्या तासाच्या वेतनाबद्दल नियमावलीत काही आढळत नाही.